'च'चा हट्ट

(ट्रॉम्बे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमता, त्या सरांना मी कधी भेटले नाही. संयोजकांना मी फोनवर म्हटलं, मला त्यांच्याबद्दल काहीतरी सांगा. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. सर गणित शिकवायचे आणि उत्तर चुकलेल्या मुलाला 'पुन्हा सोडव' असं कधी म्हणायचे नाहीत. 'कुठल्या पायरीवर चुकलं ते दाखव,' एवढंच म्हणायचे. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ त्या वाक्यापाशी बसून होते. मला आज जे बोलायचं आहे, ते सर गणिताच्या तासाला बोलून गेले होते.

पत्रिकेवर माझा विषय फार भारदस्त छापलाय. 'भावनिक प्रतिक्रिया व आंतरिक संघर्ष : मानसोपचाराच्या दृष्टीतून.' हे वाचूनही तुम्ही आलात याचं मला कौतुक आहे. मी तो जरा खाली उतरवून घेते. आमटीत मीठ कमी पडलं, एवढ्यावरून साठीला आलेला, जन्मात आवाज न चढवलेला माणूस ताट का भिरकावतो?

हे गृहस्थ खरे आहेत आणि नाहीतही. आमच्या कामात कुणाची गोष्ट जशीच्या तशी सांगता येत नाही, म्हणून दोन-तीन माणसांची मिळून मी एक केली आहे. कुणाला 'अरे, हे तर आमच्या मजल्यावरचे' असं वाटलं तर कृपा करून शेजारच्याला कोपर मारू नका. ते नव्हेत.

आपण त्यांना काका म्हणू. अणुशक्तिनगरात राहणारे. 34 वर्षं नोकरी, काम उपकरणांच्या मोजमापाचं. निवृत्तीला 5 महिने उरलेले. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक. माझ्याकडे खरं तर काकू आल्या होत्या, झोप येत नाही म्हणून. काका सोबत. ताटाची गोष्ट काकूंनीच काढली. काका म्हणाले, "मीठ नव्हतं हो."

मी विचारलं, "मीठ नव्हतं. मग?"

"मग राग आला."

"घरात मीठ होतं का?"

"होतं."

"डबा किती लांब होता?"

त्यांना हसू आलं. म्हणाले, "हाताच्या अंतरावर."

आता सरांचा प्रश्न विचारा. कुठल्या पायरीवर चुकलं?

मंडळी, मराठी ही या बाबतीत फार हुशार भाषा आहे. रागावलेल्याची तळपायाची आग मस्तकात जाते. घाबरलेल्याच्या पोटात गोळा येतो. वाट बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, अपराधी वाटलं की मन खातं, बोलता आलं नाही की घुसमट होते. भावना शरीरात कुठे उठते, याचा पत्ताच भाषेने लिहून ठेवलाय. आम्ही मानसशास्त्र शिकलो इंग्रजीतून. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मी समोरच्याला विचारायची, "तुम्हाला कसं वाटतंय?" आणि दहातले नऊ जण म्हणायचे, "बरं वाटतंय." विषय संपला! मग एका आजींनी मला शिकवलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, कुठे होतंय ते विचार की." तेव्हापासून मी विचारते, कुठे होतंय? आणि माणूस हात छातीवर ठेवतो, गळ्यावर ठेवतो, पोटावर ठेवतो. तिथून बोलणं सुरू होतं.

थोडं व्याकरणही बघू. सरांचा विषय गणित होता, पण माफ करतील. आपण म्हणतो, 'मी जेवलो', 'मी निघालो'. पण 'मला राग आला', 'मला भीती वाटली', 'मला रडू आलं'. जेवणारा मी, निघणारा मी. राग मात्र पाहुण्यासारखा बाहेरून आला आणि मी बिचारा दार उघडणारा. आणि हीच भाषा दुसऱ्या तोंडाने काय म्हणते? 'मनाला लावून घेतलं.' 'डोक्यात राख घालून घेतली.' 'दुखणं ओढवून घेतलं.' घेतलं, घेतलं, घेतलं! कोणी घेतलं? मघाशी तर राग आला होता.

दोन्ही खरं आहे. छातीतली धडधड, कानशिलं तापणं, हे येतं. त्याला आपण बोलावलेलं नसतं. पण ते आल्यावर पुढच्या क्षणात आपण स्वतःशी एक वाक्य बोलतो. इतक्या झटकन, इतक्या सवयीने, की बोललो हेच कळत नाही. आलेली ठिणगी विझणार की पेटणार, हे बरंचसं त्या वाक्यावर ठरतं. पायरी चुकते ती तिथे. मानसोपचार या शब्दाचा बराच बाऊ झालाय. माझ्यापुरतं विचाराल तर ते वाक्य ऐकू येईपर्यंत दोन माणसांनी एका खोलीत बसणं, म्हणजे मानसोपचार. तो एकट्याने का जमत नाही? कारण ते वाक्य आपल्याच आवाजात असतं. स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येतं का?

मनाशी बोलायची आपली परंपरा जुनी आहे. रामदासांनी मनाला सज्जन म्हणून हाक मारली आणि 205 श्लोक सांगितले. माझ्या आजोळी ते रोज संध्याकाळी म्हटले जायचे आणि ते मला आजही पाठ आहेत. पण एक तक्रार आहे, लहान तोंडी मोठा घास घेऊन करते. 205 श्लोकांत मनाला उत्तर द्यायची संधी नाही! सगळं ऐकून घ्यायचं. तुकोबांचं तसं नाही. त्यांनी मनाशी असलेलं भांडण चारचौघांत मांडलं. मला विचाराल तर मानसोपचाराच्या खोलीला तुकोबा जवळचे.

आता ही विद्या आपल्याकडे कशी आली, ते पटकन सांगते. इतिहासात फार वेळ घालवणार नाही. फ्रॉइडने व्हिएन्नात ठामपणे मांडलं, की माणसाच्या आत एकाच वेळी दोन इच्छा झटापट करत असतात आणि त्यातली एक अंधारात असते. आपल्या देशात हे फार लवकर पोचलं. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्येच मनोविश्लेषणाची संस्था काढली. पुढे कॅरन हॉर्नी या बाईंनी 1950 साली एका पुस्तकात 'पाहिजे' या शब्दाच्या जुलमाबद्दल लिहिलं. माणूस स्वतःची एक आदर्श मूर्ती घडवतो आणि मग दिवसभर त्या मूर्तीचा गुलाम होऊन राबतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग आले अल्बर्ट एलिस. न्यूयॉर्कचे. शिकले मनोविश्लेषण, पण रुग्णाला वर्षानुवर्षं कोचावर झोपवून त्याच्या बालपणाचं उत्खनन करण्याचा त्यांना कंटाळा आला. 1955 च्या सुमाराला त्यांनी आपली पद्धत सुरू केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 4 ऑगस्ट 1956 ला, इथे टेकडीपलीकडे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण ट्रॉम्ब्यात बोलायला आल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एलिस तरुणपणी कमालीचे लाजाळू होते. मुलींशी बोलायची भीती. 19 व्या वर्षी त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. घराजवळच्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. एका महिन्यात 130 जणी. 30 जणी उठून निघून गेल्या. 100 जणींशी बोलणं झालं. त्यातली एक भेटायला येते म्हणाली. आलीच नाही. (आजच्या काळात हा प्रयोग कुणी करू नये, पोलीस येतील.) पण एलिस सांगत, की कुणी चप्पल काढली नाही, कुणी किंचाळलं नाही, आकाश कोसळलं नाही. मुलगी मिळाली नाही, भीती मात्र गेली.

एलिस यांचा विचार मराठीत आणला तो कि. मो. फडके यांनी. 1968 साली त्यांनी मुंबईहून एलिसना पत्र लिहिलं आणि तो पत्रव्यवहार 36 वर्षं चालला. जरा विचार करा, 36 वर्षं! एका माणसाने दूरदेशीच्या माणसाला शंका विचारायच्या, त्याने उत्तर द्यायचं, उत्तरावर पुन्हा शंका. फडके पुढे एलिस यांच्या संस्थेचे मान्यताप्राप्त प्रशिक्षक झाले. त्यांनी आणि अंजली जोशी यांनी यावर पुस्तकं लिहिली. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी फडके सरांना गुरू मानतात. 1990 मध्ये त्यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिच्यामुळे हा विचार सभागृहांपर्यंत, शाळांपर्यंत गेला. विवेकनिष्ठ मानसोपचार हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, तो या वाटेने आलेला आहे.

एलिस यांचं सगळं म्हणणं एका इंग्रजी शब्दाभोवती फिरतं, त्याचा अर्थ 'पाहिजेच'. इंग्रजीत तो अख्खा शब्द लागतो. मराठीत एक अक्षर पुरतं. 'च'.

'परीक्षेत चांगले गुण मिळावेत.' ही इच्छा झाली. 'परीक्षेत चांगले गुण मिळालेच पाहिजेत.' हा हुकूम झाला. 'सुनेने मला विचारावं.' इच्छा. 'सुनेने मला विचारायलाच हवं.' हुकूम. 'लोकांनी मला नावं ठेवू नयेत.' 'लोकांनी मला नावं ठेवताच कामा नयेत.' बघा, एका अक्षराने वाक्याचा जबडा कसा आवळला जातो! इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हुकूम मोडला तर? हुकूम मोडला तर शिक्षा करावी लागते. दुसऱ्याला केली तर तो संताप, स्वतःला केली तर ती अपराधाची बोच, आणि आयुष्यालाच करायला निघालो तर ते नैराश्य. 'माझ्याच वाट्याला हे का,' या वाक्यातला 'च' ऐका कधीतरी.

तुम्ही म्हणाल, बाई, मग काहीच वाटून घ्यायचं नाही का? दगड व्हायचं? नाही हो. इथे मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा थांबते. एलिस भावना पुसून टाका असं म्हणाले नाहीत. त्यांनी दुखणाऱ्या भावनांचे दोन गट केले, एक कामाच्या आणि एक कामातून उठवणाऱ्या. दुःख होणं वेगळं आणि दुःखाने खचून अंथरूण धरणं वेगळं. आपल्याकडे यासाठी किती सुंदर शब्द आहे! काळजी. 'काळजी घेणं' आणि 'काळजी करणं'. शब्द एक, फक्त क्रियापद बदललं. आई मुलाच्या तापाची काळजी घेते तेव्हा ती तापमान बघते, औषध देते, डोक्यावर पट्ट्या ठेवते. ती काळजी करते तेव्हा रात्रभर खिडकीशी उभी राहते, आणि मुलाला पाणी द्यायचं राहून जातं. दोन्हीच्या पोटात माया तेवढीच. तिच्यात 'च' शिरला, की घेण्याचं करणं होतं.

आता काकांकडे परत.

मी त्यांना म्हटलं, आठवडाभर नोंद ठेवा. किती वाजता, काय घडलं, शरीरात कुठे काय झालं, आणि त्या क्षणी स्वतःशी काय म्हणालात. चार रकाने. मला वाटलं, ते विसरतील. पण ज्या माणसाने 34 वर्षं उपकरणांच्या नोंदी ठेवल्या, तो काय विसरणार! पुढच्या वेळी ते चक्क लॉगबुक घेऊन आले. लाल-निळ्या शाईत. 'सायं. 7.40. पार्किंगमध्ये दुसऱ्याची स्कूटर. कानशिलं तापली.' 'रात्री 9.15. भावाचा गावाहून फोन. पोटात खड्डा.' पहिले तीन रकाने भरगच्च. चौथा कोरा.

मी म्हटलं, "काका, हा कोरा का?"

ते म्हणाले, "काही म्हणालोच नाही मी स्वतःशी."

मंडळी, मला राहवलं नाही. मी विचारलं, "तिथे, कामावर, एखाद्या मीटरवर रीडिंग आलं नाही तर तुम्ही काय लिहायचात? रीडिंग शून्य?"

"छे! मीटर तपासायचो."

ते बोलले आणि गप्प झाले. बराच वेळ. या कामात गप्प बसायला शिकावं लागतं आणि ते फार कठीण असतं. मला अजूनही जिभेला चावावं लागतं.

चौथा रकाना भरायला 6 आठवडे लागले. आणि तो भरला माझ्या एका चुकीमुळे. एकदा मी 20 मिनिटं उशिरा पोचले. मानखुर्दला रस्ता तुंबला होता, पण ती काही सबब नव्हे. काका दारात बसले होते. "काही हरकत नाही," म्हणाले. आत आले. आणि मग 15 मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, "कुठे होतंय?" त्यांनी कानशिलाला हात लावला. मी म्हटलं, "मी उशिरा आले. तुम्ही रागावलात. बोला ना." आणि तो माणूस फुटला. "माझं काम असंच! सगळ्यांचं होईपर्यंत मी दारात बसायचं! धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत, बहिणींची लग्नं होईपर्यंत, मुलीचं होईपर्यंत! एवढ्या वर्षांत मला स्वतःचं एक दार असायलाच हवं होतं!"

आलं का लक्षात? मीठ, स्कूटर, माझा उशीर, सगळ्यांच्या खाली एकच वाक्य होतं. आणि ते नेमकं तेव्हाच ऐकू आलं, जेव्हा राग खोलीत, माझ्या अंगावर आला. बाहेर इतरांशी जे चालतं तेच माणूस उपचार करणाऱ्याशीही करतो, हे फ्रॉइडने सांगून ठेवलंय. पुस्तकात वाचलेलं होतं. अंगावर आल्यावर समजलं.

पण गोष्ट इथे संपत नाही; खरी गाठ पुढेच आहे. क्वार्टर सोडून जायचं कुठे? काकांनी आईला तिच्या शेवटच्या आजारात शब्द दिला होता, निवृत्त झालो की गावच्या घरात दिवा लावीन. कोकणातलं घर, भाऊ वाट बघतोय. आणि काकू? काकू म्हणतात, मुलगी मुलुंडला, नात तीन वर्षांची, माझे गुडघे असे, मी आता त्या चढणीवर नाही जाणार. काका दोन्ही बाजूंना मान डोलवायचे. भावाला 'येतो' म्हणायचे, बायकोला 'बघू' म्हणायचे.

आपण म्हणतो, मन द्विधा झालं. मी त्यांच्या वहीत दोन वाक्यं लिहून घेतली. 'आईला दिलेला शब्द मोडताच कामा नये.' 'बायकोला पुन्हा माझ्यासाठी फरपटवताच कामा नये.' आता बघा. ही दोन्ही वाक्यं चांगल्या माणसाची आहेत. दोन्हींतलं एकही वाईट नाही. मनातला संघर्ष म्हणजे चांगलं विरुद्ध वाईट, असं आपण कीर्तनातून ऐकत आलो. मला तसे संघर्ष फार भेटले नाहीत. मला भेटतात ते समोरासमोर उभे ठाकलेले दोन 'च'. दोन इच्छा असत्या तर त्यांची बोलणी झाली असती, काही देऊन काही घेऊन. दोन हुकूम एकमेकांशी कसली बोलणी करणार? मग माणूस मधल्या मध्ये गोठतो, आणि गोठलेल्या माणसाला आमटीतलं मीठ पुरतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे सगळं ऐकून वाटेल, की काय सोपं आहे, 'च' शोधा आणि काढा. मलाही तसंच वाटायचं. मी इथून जवळच, देवनारच्या संस्थेत समाजकार्य शिकले. ती संस्था 1936 साली नागपाड्यात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने तिथे मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. मुलाचं मन समजून घ्यायचं तर त्याचं घर, त्याची गल्ली समजून घ्या, हा या कामाचा पहिला धडा. मी परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहिली.

मग चीता कँपातली एक मुलगी माझ्याकडे आली. वय 26, दोन मुलं, घरी बसून शिवणकाम. झोप लागत नाही, चिडचिड होते, मुलांवर हात उगारला जातो. मी लागले वाक्य शोधायला! आईशी कसं होतं, नवऱ्याकडून काय अपेक्षा, मी चांगली आई असायलाच हवं असं वाटतं का. तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी ती हिंदीत म्हणाली, मी मराठीत सांगते, "मॅडम, आमच्याकडे पाणी पहाटे 4 ला येतं. रात्री 12 पर्यंत मशीन चालवते. झोपू कधी?"

काय उत्तर होतं माझ्याकडे? तिच्या डोक्यात 'च' नव्हता, नळाला पाणी नव्हतं. तिची वस्ती कशी वसली ते इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. 1976 साली, आणीबाणीत, जनता कॉलनी मोडली आणि तिथली माणसं चीता कँपात आणली गेली. घर मोडल्याची भीती तिला आजीकडून मिळालेली. माहुलला ज्यांना रिफायनरीच्या शेजारी राहायला पाठवलं, त्यांतल्या एखाद्याला श्वास घ्यायला त्रास होतो म्हणून रडू आलं, तर त्याला 'तुम्ही घटनेकडे कसं बघता' असं विचारणार का मी? परिस्थितीने दिलेलं दुःख विचारांच्या खात्यावर टाकणं हा उर्मटपणा आहे. आमच्या क्षेत्रात तो पुष्कळ चालतो, आणि मी तो केलेला आहे. त्या मुलीसाठी शेवटी काय केलं? शेजारणीशी बोलून पाण्याच्या पाळ्या लावल्या, एक दिवसाआड एकीने दोघींचं भरायचं. तिची चिडचिड निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यावर मग आम्ही बोललो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. बोलण्याने सगळं बरं होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, कशातच रस नाही, कानात आवाज येतात, जगणं नको वाटतं, अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं आणि ते देतील ते औषध घ्यायला हवं. त्याला मी 'जायलाच हवं' म्हणते. हा 'च' मी राखून ठेवलाय. मधुमेहाच्या गोळ्या घेताना कुणी 'मन खंबीर कर' म्हणत नाही, इथे मात्र सगळे वैद्य. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा गृहीत धरतो आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगतो. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 2022 पासून चालू आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलता येतं. ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी लिहून घ्या. मी थांबते.

14416.

आता शेवटाकडे येते. काकांचं काय झालं? चमत्कार झाला नाही. एक दिवस ते वहीत लिहून आले, 'आईचा शब्द पाळायची माझी फार इच्छा आहे. बायकोला त्रास होऊ नये अशीही फार इच्छा आहे.' 'च' दोन्हीकडून गेला होता. मग पहिल्यांदा नवरा-बायको बोलायला बसले. चेंबूरला भाड्याचं घर घेतलं, दोन खोल्यांचं. गणपतीत आणि शिमग्याला काका एकटे गावी जातात, दिवा लावतात, भावाशी भांडतात आणि परत येतात. शब्द अर्धा मोडला. त्याचं त्यांना वाईट वाटतं. वाटायला हवंच, अरेरे, पुन्हा 'च' आला बघा! माझीही सवय जात नाही.

राग अजून येतो. लॉगबुक चालू आहे. काकू म्हणतात, आता ताट टेबलावर राहतं, दार मात्र आपटतं.

जाता जाता एका माणसाची आठवण काढते. रघुनाथ धोंडो कर्वे. 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांना लोक पत्रं लिहायचे. आईबापांना, बायकोला, डॉक्टरला विचारता न येणारे प्रश्न, शरीराचे आणि त्याहून जास्त मनाचे. मी पापी आहे का, मी विकृत आहे का, मला वेड लागेल का. कर्वे छापील उत्तर द्यायचे, कोरडं, शहाणं, लाज न आणणारं. अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळायला हवं, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पत्रं यायची थांबली नाहीत.

त्या पत्रांमुळे मला एक कळलं. आपली माणसं बोलत नाहीत, हे खरं नाही. नाव गाव कळणार नाही आणि समोरचा हसणार नाही, एवढी खात्री पटली की मराठी माणूस भरभरून बोलतो, भरभरून लिहितो.

म्हणून संयोजकांना मी एक विनंती केली होती आणि त्यांनी ती मानली. प्रश्नोत्तरांत हात वर करून उभं राहायची गरज नाही. दाराजवळच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक पत्र्याचा डबा ठेवलाय. 10 मिनिटं चहासाठी थांबू. प्रश्न लिहा, घडी घाला, डब्यात टाका. खाली नाव लिहू नका.